अर्धा बार

आमचे दाजी माळकरी. एकादशीला चहासुद्धा मोजून पितात. अशा माणसाने लातुरात, गंजगोलाईतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात, भर गर्दीत काउंटरवर मूठ आपटून "ते काही नाही, मला निदान अर्धा बार तरी पाहिजेच!" असं ठणकावलं, तेव्हा मोटारीचा फुटव्हॉल्व घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याने आधी दाजींच्या कपाळावरच्या बुक्क्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी नांदेडचा पाहुणा, मी काय सांगणार? दाजींसोबत आलेल्या मामूंनी मात्र शांतपणे खिशातून चुन्याची डबी काढली, तळहातावर तंबाखू मळली आणि हात पुढे केला.

"लो सर. आधा कायकू, पूरा लो."

मामू म्हणजे मिस्त्री. नळजोडणीची कामं करतात. वय साठीच्या पुढे, पान्याने घासून घासून अंगठ्याला घट्टा पडलेला. आणि दाजींना हवा होता तो बार दाबाचा. दहा मीटर उंच उभ्या पाण्याचा तळाशी जेवढा भार पडतो, तेवढा साधारण एक बार. घरात बसवायच्या मिक्सर शॉवरच्या खोक्यातून एक घडीचा कागद निघाला होता. त्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलं होतं की, पाण्याला किमान अर्धा बार दाब असावा. असले कागद माणसं पोरांना होड्या करायला देतात. दाजींनी तो भिंग लावून वाचला, खाली लाल पेनाने रेघ मारली आणि गावात जाऊन लॅमिनेशन करून आणला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. पण नातं बाजूला ठेवलं तर हा माणूस तुमच्याही ओळखीचा असणार. घरात कसलंही काम काढलं की मिस्त्रीच्या मागे प्लास्टिकचं स्टूल टाकून बसतो तो. स्वतः हातोडी उचलत नाही आणि दुसऱ्याला सुखाने उचलू देत नाही. मिस्त्रीने झिरी मारायला भिंतीवर छिन्नी टेकवली की मागून आवाज येतो, "थांबा, मुळातून घेऊ."

'मुळातून घेऊ' म्हणजे काय, हे दाजींच्या घरी एक दिवस काढल्याशिवाय कळायचं नाही. कामवालीने फरशी पुसायला घेतली, मुळातून घेऊ. गॅसवाल्याने सिलिंडरचं सील काढलं, मुळातून घेऊ. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी मोजायची टेप अडकवलेली असते. पुतणीच्या लग्नात अक्षता पडेपर्यंतच्या वेळात त्यांनी मंगल कार्यालयाचा हौद मोजून काढला होता आणि पंगत बसल्यावर वाढप्यांना सांगत होते, "पाणी वाढा, चिंता करू नका. अठरा हजार लिटर आहे." घरी एका पत्र्याच्या पेटीत ओळंबा, पाणसळ, गुण्या असं सगळं साहित्य तेल लावून ठेवलंय. पेटीला कुलूप. किल्ली देवघरात.

तर असा माणूस शॉवरच्या नादाला लागला कसा?

लातूरच्या माणसाचं आणि पाण्याचं नातं बाहेरच्याला सांगून कळत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावच्या मांजरा धरणाचा तळ उघडा पडला, गावात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावायची वेळ आली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. जलदूत. कोट्याच्या कारखान्यात धुऊन साफ केलेल्या दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास-पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, पण दाजींच्या मनात ठसली ती पहिली. चार-पाच लाखांच्या गावाला माणशी लिटर-सव्वा लिटर पाणी, हा भागाकार त्यांनी त्याच दिवशी करून ठेवलाय. तेव्हापासून घरात पाण्याची वही आहे. नळ कधी आला, किती वेळ टिकला, टँकर कितीला पडला, हौदात किती फूट. त्या उन्हाळ्यात दाजींनी खालच्या हौदातून माडीवर घागरी वाहिल्या, कारण मोटार चालवावी एवढं पाणीच हौदात नसायचं. गुडघा तेव्हापासून दुखतो. ते गुडघ्याबद्दल बोलत नाहीत, घागरींच्या संख्येबद्दल बोलतात.

मग मुलगा पुण्यात नोकरीला लागला. त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. दाजी पहिल्यांदा तिथे राहायला गेले आणि सकाळी आंघोळीला गेले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. सुनेला काळजी वाटली. शेवटी दार उघडून बाहेर आले तेव्हा चेहरा असा, जणू पंढरपूरला पदस्पर्शाचं दर्शन झालंय. रात्री मला फोन. "पावनं, बादलीला हात लावला नाही बघा. वाकलो नाही. नुसतं उभा राहिलो अन् पाणी आपून होऊन अंगावर आलं."

एवढं बोलून थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आपल्याकडं का येऊ नये?"

अक्काचा विरोध होता. पाण्याचा हिशोब दाजींच्या वहीत असला तरी पाणी वापरते अक्का. "आठ दिवसाला नळ येतोय, अन् ह्यांना वरून पाऊस पाहिजे." दाजींनी तिला फळ्यावर समजवावं तसं समजवलं. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी पडतं. दोन मिनिटं शॉवर म्हणजे वीस लिटर, म्हणजे एक बादली. आंघोळीला बादली लागतेच. "मग फरक काय राहिला? फक्त पडण्याचा." अक्का म्हणाली, "दोन मिनिटांत तुमची पाठसुद्धा भिजायची नाही." दाजींच्या आईला, म्हणजे म्हातारीला, मिक्सर म्हटल्यावर वेगळीच शंका. "न्हाणीत मिक्सर कशाला रं? काय वाटायचंय?"

बाथरूम ठरलं माडीवरचं, मुलगा-सून आल्यावर राहतात त्या खोलीचं. पहिल्या दिवशी मामू आले. त्यांनी माडीवरचं बाथरूम पाहिलं, गच्चीवर जाऊन टाकी पाहिली, खाली आले, खालच्या जुन्या बाथरूममध्ये डोकावले आणि चहा येण्याआधीच निकाल दिला. "सर, उपर नक्को. नीचे लगाओ. दस फूट फुकट में मिलता."

दाजी हसले. वर्गात एखादा पोरगा गणित न सोडवता एकदम उत्तर सांगायचा तेव्हा ते जसे हसत असतील, तसे. "उत्तर बरोबर असेल मामू, पण पायऱ्या कुठेत? गुण पायऱ्यांना असतात."

लातूर पॅटर्नच्या गावात यावर कोण काय बोलणार? मामूंनी चहा बशीत ओतला.

मग दाजींनी पायऱ्या मांडल्या. कागदावर नव्हे, बाथरूमच्या नव्या पांढऱ्या टाइलवर, पेन्सिलीने. खोलीची उंची दहा फूट. गच्चीवर टाकीखालचा चौथरा तीन फूट. एकूण तेरा. शॉवरची चाळणी फरशीपासून सात फुटांवर. तेरातून सात गेले, राहिले सहा. सहा फूट म्हणजे पावणेदोन मीटरच्या वर थोडं. म्हणजे ०.१८ बार. पाहिजे ०.५. त्यांनी पेन्सील कानामागे खोवली आणि माझ्याकडे वळून त्यांचं दुसरं आवडतं वाक्य टाकलं.

"पावनं, मूळ मुद्दा उंचीचा आहे."

दाजींची उंची पाच फूट दोन इंच आहे. हे वाक्य ते इतक्या गांभीर्याने म्हणतात की मी दर वेळी खाली बघतो.

खरं सांगायचं तर त्यांची थिअरी पक्की होती. शेजारच्यांनी सल्ला दिला की, हजाराची टाकी काढून दोन हजाराची बसवा, दाब दुप्पट होईल. दाजींनी त्यांना फाटकातच थांबवून मुळातून घेतलं. टाकी विहिरीएवढी करा नाहीतर लोट्याएवढी, खाली दाब मिळणार तो पाण्याच्या उंचीचा. टाकीच्या पोटाशी त्याला कर्तव्य नाही. दाब उंचीने येतो, धार पाइपाच्या पोटाने. अर्ध्या इंचाच्या पाइपात एल्बोवर एल्बो मारले की असलेला दाबही वळणावळणावर सांडत जातो. म्हणून टाकीपासून शॉवरपर्यंत स्वतंत्र लाइन टाकायची, ती पाऊण इंची, जमलं तर इंची, आणि वळणं कमीत कमी. यात एक अक्षर चुकीचं नाही. नवं घर बांधणाऱ्यांनी हे लिहून घ्यावं. आमच्याकडचे लोक दहा हजारांचा शॉवर आणतात आणि तो टाकीखालच्या त्याच अर्ध्या इंची लाइनवर जोडतात, जिच्यावर आधीच संडास, बेसिन आणि कपड्यांची मशीन लोंबकळत असतात. मग खाली कुणी नळ सोडला की वर शॉवरखालचा माणूस साबण लावलेल्या अवस्थेत देवाचा धावा करतो.

दाजींना तसं होऊ द्यायचं नव्हतं. गरम पाण्याला मळकट पिवळा सीपीव्हीसी, गारला पांढरा. मिक्सरच्या दोन तोंडांमध्ये मधोमध सहा इंच, हे त्यांनी टेपने तीनदा मोजलं आणि पाणसळ लावून दोन्ही तोंडं एका पातळीत आणली. गरम डावीकडे, गार उजवीकडे. मामू म्हणाले, चाळीस साल हो गए, मेरेकू मालूम. दाजी म्हणाले, मुळातून घेऊ. टाइल बंद करायच्या आदल्या रात्री पाइपात हातपंपाने दाब भरून ठेवला आणि काटा खाली येतो का ते पाहायला दाजी स्टूल टाकून बाथरूममध्ये बसले. बॅटरी, थर्मास, मफलर. मी रात्री दोनला पाण्याला उठलो तेव्हा आतून पुटपुटणं ऐकू आलं. मला वाटलं आकडे वाचतायत. हरिपाठ चालला होता.

काटा हलला नाही. पण सहा फूट ते सहाच फूट.

मग दाजींनी दुसरी वाट काढली. चाळणी जितकी खाली, तितकी टाकीपासून लांब. दर फुटाला ०.०३ बार. त्यांनी सात फुटांवरची चाळणी सहा फुटांवर आणली. स्वतः खाली उभे राहून पाहिलं, डोक्यावर दहा इंच मोकळे. समाधान झालं. मुलगा पाच फूट अकरा. दिवाळीला आला तेव्हा त्याने आंघोळ केली ती साष्टांग नमस्कार आणि उठाबशा यांच्या मधल्या कुठल्यातरी आसनात. बाहेर येऊन म्हणाला, "बाबा, पाणी पडत नाही, ओघळतं." दाजींनी वहीत नोंद केली : 'ओघळतं.'

मुलगा पुण्याला गेला आणि त्याने प्रेशर पंप पाठवला. हाच पंप पुढे नडला.

दाजींच्या गच्चीवर सोलर आहे. आपल्याकडच्या बहुतेक सोलरच्या टाक्या बिनदाबाच्या. वर एक हवेची नळी उघडी असते आणि पाणी नुसतं उंचीने खाली येतं. पंपाने असल्या टाकीत जोर भरला तर टाकी फाटायची. हे दाजींना माहीत होतं. त्यामुळे त्यांनी पंप बसवला फक्त गार पाण्याच्या लाइनवर. मामूंनी पान्यावरचा हात थांबवला.

"और गरम का क्या?"

"ते ओढलं जाईल आपोआप." दाजींनी लगेच एका थोर शास्त्रज्ञाचं नाव घेतलं. जोरात वाहणारं पाणी शेजारच्या पाण्याला ओढून घेतं, अत्तराच्या फवारणीत असतं तसं, वगैरे.

"सर," मामू म्हणाले, "पानी कू किताब पढना नै आता."

चैत्र होता. गच्चीवर अक्का आणि शेजारच्या दोघी काकूंनी मिळून घातलेल्या कुरडया वाळत होत्या. तीन दिवस भिजवलेला गहू, मग वाटण, मग चीक, मग चुलीवरचं ते घाटणं. सगळी गच्ची जुन्या धोतरांनी झाकलेली, त्यावर पांढरी शुभ्र नक्षी. खाली माडीवर शॉवरचं उद्घाटन. मिक्सरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. दाजी धोतर-बंडीत, अंगठा दांडीवर. पंपाचं बटण दाबलं आणि दांडी बरोबर मधोमध केली.

पाणी आलं. काय आलं! समोरच्या भिंतीवर आदळून माझ्या चष्म्यावर उडालं. दाजी ओरडले, "बघा पावनं!" त्यांचे डोळे भरून आले होते की पाणी उडालं होतं, सांगता येणार नाही.

"गारच येतंय की," मी म्हणालो.

"थांबा, गरम निघालंय वरून."

निघालं होतं, पण उलट्या दिशेने. मिक्सरमध्ये गार आणि गरम पाण्याच्या वाटा एकमेकींत उघडतात. एका बाजूने पंपाचा जोर आणि दुसऱ्या बाजूने सोलरचं बिचारं पाव बारसुद्धा नसलेलं पाणी. चाळणीची भोकं बारीक, सगळं पाणी बाहेर पडायला जागा नाही. मग उरलेलं गार पाणी गरमच्या पाइपात शिरलं, उलटं वर चढलं, सोलरच्या टाकीत गेलं, टाकी भरली आणि हवेच्या नळीतून कारंज्यासारखं गच्चीवर पडायला लागलं. कुरडयांवर.

जिन्यातून अक्काची हाक आली. "अहो, गच्चीवर पाऊस पडलालाय!"

लातुरात, चैत्रात. खाली ओट्यावर बसलेल्या म्हातारीने वर न पाहताच सांगितलं, "पडू द्या की लेकरांनो."

पंप बंद करेपर्यंत वेळ गेला, कारण दाजी बटणाकडे जायच्या आधी कारण शोधत होते. शेजारच्या काकूंनी एक शब्द काढला नाही. त्यांनी फक्त एक भिजलेली कुरडई उचलली, ती ताटात ठेवली आणि ते ताट बाथरूमच्या दारात आणून ठेवलं. दाजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. त्यांना कुरडयांचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त जीवाला लागलं ते वेगळंच. नंतर मी वही चाळली तेव्हा त्या तारखेला एकच ओळ दिसली : 'गच्ची. ४० लिटर वाया. चूक माझी.' पाण्याच्या आगगाडीच्या उन्हाळ्यापासूनच्या सगळ्या पानांत 'वाया' हा शब्द मला तेवढ्या एकाच ठिकाणी सापडला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मामूंना बोलावलं. मामू आले, गच्चीकडे बघितलं नाही, सोलरकडे बघितलं नाही. सरळ खालच्या बाथरूमच्या दारात जाऊन उभे राहिले आणि तंबाखू मळत बसले. दाजींनी खिशातून पेन्सील काढली. आधीचे सहा आणि खालच्या मजल्याचे दहा, सोळा फूट. सोळा फूट म्हणजे ४.९ मीटर. शिवाय टाकीत फूट-दोन फूट पाणी उभं असतंच. म्हणजे अर्धा बार. तोही फुकट, बिनविजेचा. गार पाणी आणि सोलरला जाणारं पाणी दोन्ही एकाच टाकीतून, म्हणजे दोन्हीकडे सारखी उंची, सारखा दाब, आणि कुणी कुणाच्या घरात घुसायचं कारण नाही. माडीच्या बाथरूममध्येच पंप पाहिजे असेल तर मग तो गार-गरम दोन्ही लाइनींवर, सोलरच्या पुढे पाहिजे, नाहीतर नकोच.

"मामू," दाजी म्हणाले, "उत्तर तुमचं बरोबर होतं."

"हौ सर."

"पायऱ्या मी लिहिल्या."

"हौ सर." मामूंनी बार भरला. "निम्मे निम्मे मार्क."

एकच अडचण आली. लाइन जोडली, पाणी सोडलं, गार धो धो आणि गरमला थेंब नाही. मामूंनी पाइपावर पान्याने टकटक करून पाहिलं. "हवा पकडी." पाइप गच्चीवर एका ठिकाणी कमानीसारखा उचलला गेला होता आणि त्या उंचवट्यात हवा अडकली होती. दाजींनी ताबडतोब स्टुलावरून व्याख्यान सुरू केलं. औरंगाबादची मलिक अंबरच्या काळातली नहर, डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी, आणि वाटेत बांधलेले ते मनोरे, हवा निघून जायला. "चारशे वर्षांपूर्वी, पावनं! पंप नाही, वीज नाही, नुसती उंची!" इकडे मामूंनी युनियन सैल केली. फुस्स् झालं, पाइपाने दोन उचक्या दिल्या आणि गरम पाणी आलं.

"मलिक अंबर का मेरेकू मालूम," मामू पाना पुसत म्हणाले. "मेरी खाला वहींच की."

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. माडीवरच्या बाथरूममधल्या दोन्ही तोंडांना पितळी बुचं मारलीत. एकावर दाजींचा पंचा असतो, दुसऱ्यावर लॅमिनेशन केलेला तो कागद. खालचा शॉवर झकास चालतो. फक्त सोलरचं गरम पाणी खाली पोचेपर्यंत पाइपातलं साडेतीन लिटर गार पाणी आधी येतं, ते एका बादलीत धरतात आणि तुळशीला घालतात. मे महिन्यात मिक्सरला काही कामच उरत नाही. गच्चीवरची टाकी आणि पाइप तापून दोन्हीकडून उकळतंच येतं. दाजी म्हणतात, "गरम अन् लई गरम, एवढंच मिक्स करायचं." बोअरचं पाणी क्षाराचं, त्यामुळे चाळणीची भोकं पांढरी होऊन बुजतात. दर रविवारी दाजी ती काढून लिंबाच्या पाण्यात बुडवतात आणि स्टुलावर बसून एकेक भोक सेफ्टी पिनेने कोरतात. शहाण्णव आहेत. नातवाने मोजून शंभर सांगितली तर त्याला पुन्हा मोजायला लावलं.

मीही त्यांच्यातलाच होत चाललोय, असं बायकोचं म्हणणं आहे. नांदेडला परतल्यावर मी आमच्या शॉवरखाली लिटरचं माप धरून मोबाइलवर सेकंद मोजत होतो. तिने काही न बोलता बाथरूममधलं स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. दाजींना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "तुम्हा नांदेडवाल्यांना काय मोजायचंय? गोदावरी दारात, विष्णुपुरीचं धरण उशाला." आमच्याकडेही उन्हाळ्यात टँकर फिरतात, हे त्यांना कुणी पटवून द्यावं? आगगाडी आली नाही तोवर तो दुष्काळच नव्हे, असं त्यांचं ठाम मत.

आणि दाजी स्वतः? ते शॉवर घेतात, पण ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशीच. दोन मिनिटं, भिंतीवरच्या घड्याळात बघून. बाकीच्या दिवशी बादली, तांब्या आणि लाकडी पाट. मग शॉवर बसवला कुणासाठी, याचं उत्तर त्यांच्या घरी गेलात की फाटकातच मिळतं. शॉवर बघून कळत नाही, घ्यावा लागतो, हे त्यांचं नवं वाक्य. विम्याच्या एजंटाने घेतलाय. शेजारच्यांच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी दोघांनी घेतलाय. मामू वर्षातून दोनदा येतात, वॉशर बघायला म्हणून, आणि न्हाऊन जातात.

तेव्हा लोहा-अहमदपूर-चाकूर करत कधी लातूरला गेलात आणि दाजींकडे जायचं निघालं, तर पिशवीत टॉवेल ठेवा. आंघोळ करून निघालोय, असं सांगून सुटका व्हायची नाही. ते म्हणतील, "ती बादलीची," आणि चुरमुऱ्यांचा सुशीला पुढ्यात येण्याआधी तुम्हाला खालच्या बाथरूममध्ये ढकलून बाहेर स्टूल टाकून बसतील.